डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव

आपल्या नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी नदी शेकडो मैलांचा प्रवास करून पूर्व समुद्राला मिळते. समुद्राला मिळण्यापूर्वी तिला अनेक फाटे फुटतात आणि त्यांच्यामधील भूमी फार सुपीक झालेली आहे. याच प्रदेशात भीमवरम् नावाचे गाव आहे. आज ते आंध्र प्रदेशात असले, तरी त्या काळी मद्रास इलाख्यात मोडत असे. या गावी १२ जानेवारी १८९५ रोजी येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म झाला.

वडील जगन्नाथम् हे महसूल खात्यात नोकरीस होते. परंतु प्रकृती खालावल्यामुळे त्यांना नोकरी लवकरच सोडावी लागली. घरात सात मुले आणि मिळकत बेताची, अशा स्थितीत संसाराचा सारा भार आई वेंकम्मा यांच्यावर पडला. त्या मोठ्या करारी होत्या. मुलाने शिकून मोठे व्हावे, एवढी एकच इच्छा त्यांनी मनाशी धरली होती.

मुलाचे मन मात्र अभ्यासात रमत नव्हते. तेरा वर्षांचा असताना तो घरातून पळून काशीच्या वाटेला लागला. काशीस येणाऱ्या यात्रेकरूंना केळी विकावी आणि पुष्कळ पैसा मिळवावा, असा त्याचा बेत होता, असे सांगतात. आईने त्याला शोधून परत आणले आणि पुन्हा शाळेत बसविले. तरीही मॅट्रिकच्या परीक्षेत तो एकदा नव्हे, दोनदा नापास झाला. याच सुमारास वडिलांचे छत्रही हरपले. तेव्हा वेंकम्मांनी अंगावरचे दागिने विकून मुलाच्या शिक्षणासाठी पैसा उभा केला, अशी हकीकत सांगितली जाते. मद्रासच्या हिंदू हायस्कुलातून तिसऱ्या खेपेस सुब्बाराव ती परीक्षा उत्तीर्ण झाले. दोनदा अपयश आलेला हा विद्यार्थी पुढे जगातील नामवंत संशोधकांच्या पंक्तीत बसेल, असे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

पुढे प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असताना सुब्बारावांचे मन वैराग्याकडे वळले. रामकृष्ण मिशनमध्ये जाऊन संन्यास घ्यावा, असे त्यांना वाटू लागले. पण आईने संमती दिली नाही. संन्यास नाही, तर निदान रुग्णसेवा तरी घडावी, या विचाराने त्यांनी मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. ते दिवस असहकारितेचे होते. महात्मा गांधींच्या हाकेला ओ देऊन सुब्बारावांनी परदेशी कापड सोडले आणि शस्त्रक्रियेच्या वेळीही ते खादीचा अंगरखा घालू लागले. शस्त्रक्रियेच्या इंग्रज प्राध्यापकांना हे रुचले नाही. लेखी परीक्षेत उत्तम यश मिळूनही सुब्बारावांना एम्. बी. बी. एस्. ही पदवी मिळाली नाही, एल्. एम्. एस्. या खालच्या दर्जाच्या प्रमाणपत्रावर त्यांना समाधान मानावे लागले. चांगल्या सरकारी नोकरीचा दरवाजा त्यामुळे बंद झाला. मग मद्रासमधील डॉ. लक्ष्मीपती यांच्या आयुर्वेद महाविद्यालयात ते शरीररचनाशास्त्र शिकवू लागले.

याच तरुण वयात त्यांच्या मनावर एक जबर आघात झाला. त्यांचे बंधू पुरुषोत्तम यांना स्प्रू नावाचा विकार जडला. आपल्याकडे ज्याला संग्रहणी म्हणतात, तशाच प्रकारचा हा रोग आहे. यात खाल्लेले अन्न अंगी लागत नाही, रक्त फिके पडते आणि माणूस दिवसेंदिवस झिजत जातो. पुरुषोत्तम त्यातून उठले नाहीत. घरात वैद्यकशास्त्र शिकलेला भाऊ असूनही त्याला आपल्या भावासाठी काही करता आले नाही. कारण या रोगाचे खरे कारण आणि खरे औषध तेव्हा जगात कोणालाच ठाऊक नव्हते. ही बोचणी सुब्बारावांच्या मनात कायमची राहिली. उष्ण प्रदेशांतील रोगांचा अभ्यास करण्यासाठी परदेशी जावयाचे, असे त्यांनी ठरविले.

एका धर्मादाय संस्थेची मदत आणि सासऱ्यांनी दिलेले पैसे यांच्या बळावर ते निघाले. १९१९ साली त्यांचा विवाह झाला होता. दोनतीन वर्षांत परत येतो, असे पत्नीला सांगून त्यांनी निरोप घेतला आणि २६ ऑक्टोबर १९२३ रोजी ते अमेरिकेतील बोस्टन शहरी पोहोचले. तेथील हार्वर्ड विद्यापीठात उष्ण प्रदेशांतील रोगांच्या अभ्यासक्रमास त्यांना प्रवेश मिळाला. पण खिशात पैसा नव्हता आणि मद्रासचे प्रमाणपत्र तेथे डॉक्टरकी करण्यास पुरेसे मानले जात नव्हते. तेव्हा दिवसा शिकावयाचे आणि रात्री एका रुग्णालयात रोग्यांची मलमूत्राची भांडी उचलून, फरशा पुसून पोट भरावयाचे, असा त्यांचा क्रम सुरू झाला. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

अभ्यासक्रम पुरा झाल्यावर ते हार्वर्डमध्येच सायरस फिस्के या प्राध्यापकांच्या हाताखाली जीवरसायनशास्त्रात काम करू लागले. सजीवांच्या शरीरात कोणती द्रव्ये असतात आणि ती कोणते कार्य करतात, याचा शोध घेणारे हे शास्त्र आहे. रक्तात स्फुरद किती आहे, हे मोजण्याची एक सुटसुटीत रीत या दोघांनी १९२५ साली प्रसिद्ध केली. तपासावयाच्या द्रवात ठरावीक द्रव्ये घातली की निळा रंग येतो आणि तो रंग जितका गडद, तितके स्फुरद अधिक, असे तिचे तत्त्व आहे. ही रीत त्या दोघांच्या नावाने जगभर प्रसिद्ध झाली. पुढे १९२७ साली त्यांनी स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन हे द्रव्य शोधले आणि १९२९ साली ए. टी. पी. या नावाने ओळखले जाणारे द्रव्य वेगळे केले. जर्मनीत लोमान यांनाही त्याच सुमारास ते स्वतंत्रपणे सापडले होते. आपण हात उचलतो, धावतो, श्वास घेतो, त्या प्रत्येक क्रियेसाठी लागणारी शक्ती पेशींना या द्रव्याकडून मिळते. १९३० साली सुब्बारावांना हार्वर्डची डॉक्टरेट मिळाली.

एवढे होऊनही विद्यापीठात त्यांना कायमची जागा मिळाली नाही. १९४० साली ते न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथील लेडर्ले या औषधनिर्मिती करणाऱ्या प्रयोगशाळेत गेले आणि थोड्याच अवधीत तेथील संशोधनाचे प्रमुख झाले. ज्या प्रश्नाने त्यांना मायदेशातून एवढ्या दूर आणले होते, तो हाती घेण्याची संधी आता आली.

त्या प्रश्नाचा एक धागा आपल्या मुंबई शहरात गुंतलेला आहे. लूसी विल्स नावाच्या इंग्रज महिला डॉक्टर १९२८ साली मुंबईस आल्या होत्या. गरीब गर्भवती स्त्रियांना, विशेषतः कापड गिरण्यांत राबणाऱ्या मजूर स्त्रियांना, एक प्रकारचा घातक पांडुरोग होत असे. हाफकिन संस्थेत राहून विल्सबाईंनी त्याचा कसून अभ्यास केला. यीस्ट म्हणजे पाव फुगविण्यास वापरतात त्या किण्वाचा अर्क दिल्यास या स्त्रिया बऱ्या होतात, असे त्यांनी १९३१ साली जगाला दाखवून दिले. या अर्कात रक्त वाढविणारे काही तरी द्रव्य आहे, एवढे निश्चित झाले. परंतु ते कोणते, हे कळेना. तसेच द्रव्य यकृतात आणि पालेभाज्यांतही असल्याची चिन्हे दिसू लागली. १९४१ साली अमेरिकेतील टेक्सास येथील शास्त्रज्ञांनी चार टन पालकाची भाजी वापरून त्याचा किंचित अंश मिळविला आणि पानावरून त्याला फोलिक आम्ल हे नाव दिले.

टनावारी भाजी घ्यावी आणि चिमूटभर औषधही हाती लागू नये, अशा रीतीने हजारो रोगी कसे बरे व्हावेत? ते द्रव्य प्रयोगशाळेत तयार करता आले पाहिजे, आणि तयार करावयाचे तर त्याची रचना अणूअणूने कळली पाहिजे, हे सुब्बारावांनी ओळखले. त्यांनी रसायनशास्त्रज्ञांचा एक मोठा संघ जमविला. यकृतातून आणि सूक्ष्मजंतूंच्या वाढीतून शुद्ध स्फटिक मिळवावयाचे, त्यांचे तुकडे पाडावयाचे, प्रत्येक तुकडा ओळखावयाचा आणि मग ते पुन्हा जोडून पाहावयाचे, असे हे चिकाटीचे काम होते. अखेर कोडे सुटले. फोलिक आम्लाचा रेणू म्हणजे तीन मण्यांची माळ आहे, असे दिसून आले. १९४५ साली या संघाने ते आम्ल प्रयोगशाळेत तयार केल्याचे जाहीर केले. त्या निबंधावर अनेक सहकाऱ्यांची नावे आहेत आणि त्या ओळीत सुब्बारावांचे नाव मध्येच कोठेतरी आढळते.

हे कृत्रिम फोलिक आम्ल लवकरच रोग्यांना देण्यात आले. पांडुरोग झालेल्यांचे रक्त सुधारले. स्प्रूने झिजलेली माणसे अन्न पचवू लागली आणि अंथरुणातून उठून बसली. पुरुषोत्तम यांच्या मृत्यूला तेव्हा वीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. भावाला जे औषध देता आले नाही, ते सुब्बारावांनी जगाच्या हाती दिले.

सुब्बारावांचे कार्य येथेच थांबले नाही. फोलिक आम्लाची रचना कळताच एका जुन्या प्रश्नावर नवा प्रकाश पडला. १९३५ साली जर्मनीतील डोमाक यांनी सल्फा वर्गातील पहिले औषध जगापुढे ठेवले होते. ते जंतूंना कसे रोखते, याचा उलगडा १९४० साली इंग्लंडातील वुड्स यांनी केला. जंतूंना वाढीसाठी एक विशिष्ट द्रव्य लागते आणि सल्फा औषधाचा रेणू दिसावयास अगदी त्या द्रव्यासारखा असतो, असे त्यांनी दाखविले. आता कळून आले, की हे द्रव्य म्हणजे फोलिक आम्लाच्या माळेतील मधला मणी होय! आपल्याला फोलिक आम्ल अन्नातून तयार मिळते. बहुतेक जंतूंना मात्र ते स्वतः ओवून तयार करावे लागते. मधल्या मण्याऐवजी तोतया मणी त्यांच्या हाती आला, की त्यांची माळ पुरी होत नाही आणि वाढ खुंटते.

हे कसे घडते, ते कुलूप-किल्लीच्या दृष्टान्ताने समजेल. पेशीत विकर नावाची द्रव्ये असतात. ती एखाद्या कुलपासारखी असून ठरावीक आकाराचीच किल्ली त्यांत बसते. खऱ्या किल्लीसारखीच, पण एक दाता वेगळा असलेली किल्ली कोणी कुलपात घातली, तर ती आत शिरते, पण फिरत नाही. आणि ती तेथे अडकून बसल्याने खऱ्या किल्लीलाही वाट मिळत नाही. निसर्गातील द्रव्याची अशी तोतया प्रतिकृती बनविली, तर रोगाला त्याच्याच घरात कोंडता येईल. परंतु खोटी किल्ली घडविण्यासाठी आधी खरी किल्ली नीट पाहिलेली असावी लागते. सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती आता पुरती पाहिली होती.

त्यांनी फोलिक आम्लाच्या प्रतिकृती तयार करण्यास आरंभ केला. प्राणवायूच्या एका अणूच्या जागी नत्राचा अणू असलेला लहानसा गट बसविला आणि अमिनोप्टेरिन नावाचे नवे द्रव्य तयार झाले. बोस्टन येथील मुलांच्या रुग्णालयात सिडनी फार्बर नावाचे डॉक्टर होते. रक्ताचा कर्करोग झालेली मुले त्या काळी काही आठवड्यांतच दगावत आणि डॉक्टरांना हात जोडून पाहत बसण्यावाचून गत्यंतर नसे. सुब्बारावांच्या प्रयोगशाळेने पाठविलेले हे द्रव्य फार्बर यांनी १९४७ च्या अखेरीस अशा मुलांना देऊन पाहिले. १६ मुलांपैकी १० मुलांना स्पष्ट आराम पडला. तो आराम काही काळच टिकला, हे खरे. पण या रोगाला माघार घ्यावयास लावता येते, हे प्रथमच सिद्ध झाले. याच जातीचे मेथोट्रेक्सेट हे औषध पुढे कर्करोगावरील उपचारांत सर्वत्र वापरले जाऊ लागले.

या प्रतिकृती जंतूंवर मात्र उपयोगी पडण्यासारख्या नव्हत्या. तीन मण्यांची ती सबंध माळ बहुतेक जंतूंच्या आत शिरू शकत नसे. आणि माणसाच्या पेशींत ती सहज शिरत असल्यामुळे तिचे विष माणसालाच बाधत असे. माणसाला अपाय न करता जंतूंना मारील अशी प्रतिकृती हवी असेल, तर ती लहान आणि साधी असावयास हवी होती. हे काम जॉर्ज हिचिंग्ज व त्यांचे सहकारी यांनी केले. सुब्बाराव हार्वर्डमध्ये ज्या विभागात संशोधन करीत होते, त्याच विभागात हिचिंग्ज यांनी १९३३ साली डॉक्टरेट मिळविली होती. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोलिक आम्लाच्या माळेतील पहिल्या मण्याचा केवळ अर्धा भाग घेतला, बाकीचा सारा पसारा टाकून दिला आणि त्या अर्ध्या भागाला एक निराळे टोक जोडले. या साध्या द्रव्याला ट्रायमेथोप्रिम म्हणतात. ते जंतूंच्या आत सहज शिरते आणि माणसाच्या विकरापेक्षा जंतूंच्या विकराला हजारो पटींनी घट्ट चिकटते. १९६० नंतरच्या दशकात ते रोग्यांना देण्यास सुरुवात झाली आणि १९६८ पासून सल्फा औषधाबरोबर त्याची जोडगोळी बाजारात आली. एक औषध जंतूला फोलिक आम्ल बनवू देत नाही आणि दुसरे बनलेले वापरू देत नाही, अशी ही दुहेरी कोंडी आहे. अशा कार्याबद्दल हिचिंग्ज आणि त्यांच्या सहकारी गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

सुब्बारावांच्या देखरेखीखाली आणखीही मोठी कामे झाली. हत्तीपाय रोगाच्या कृमींवरील औषध १९४७ साली तेथेच पुढे आले. बेंजामिन डगर नावाच्या सत्तरी ओलांडलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञांना त्यांनी निरनिराळ्या ठिकाणची माती तपासण्याच्या कामी हुरूप दिला. त्या मातीत सोनेरी रंगाचा एक सूक्ष्मजीव सापडला आणि त्यापासून ऑरिओमायसिन हे अनेक प्रकारच्या जंतूंवर चालणारे औषध मिळाले. १९४८ च्या जुलै महिन्यात ते जाहीर झाले. पुढे लॉइड कोनोव्हर या शास्त्रज्ञांनी त्याच्या रेणूतून क्लोरीनचा एक अणू काढून टाकला आणि टेट्रासायक्लिन हे सुप्रसिद्ध औषध तयार केले. निसर्गाची घडण थोडी सोपी केली, तरी तिचा गुण टिकतो, किंबहुना कधी कधी वाढतो, याचा हा आणखी एक दाखला होय.

हे यश पाहण्यास सुब्बाराव मात्र राहिले नाहीत. ऑरिओमायसिनची घोषणा झाल्यावर महिन्याच्या आतच, ऑगस्ट १९४८ मध्ये, झोपेतच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे ५३ वर्षांचे होते. दोनतीन वर्षांसाठी म्हणून मायदेश सोडलेल्या या पुरुषाला पंचवीस वर्षांत एकदाही घरी परतता आले नाही. कामामागून काम येत गेले आणि वाट पाहणाऱ्या पत्नीची भेट राहूनच गेली. त्यांच्या कार्याची किंमत त्यांच्याबरोबर त्या माउलीनेही मोजली, हे विसरून चालणार नाही.

त्यांच्या हयातीत त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. पुढे एका बुरशीला शास्त्रज्ञांनी त्यांच्या स्मरणार्थ सुब्बारोमायसिस असे नाव दिले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९९५ साली, भारत सरकारने त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले.

जंतूही स्वस्थ बसत नाहीत. वारंवार आणि अकारण वापरलेल्या औषधांना ते हळूहळू दाद देईनासे होतात. सल्फा, टेट्रासायक्लिन, ट्रायमेथोप्रिम या सर्वांच्या बाबतीत असेच घडले आहे. म्हणून आजही ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांत रसायनशास्त्रज्ञ वनस्पती, माती आणि सूक्ष्मजीव यांतील द्रव्ये घेतात, त्यांची रचना उलगडतात आणि त्यांच्या लहान, साध्या प्रतिकृती करून जंतूंवर अजमावून पाहतात. शंभर प्रतिकृती करून त्यांतील एकही उपयोगी न पडणे, हा तेथील नेहमीचा अनुभव असतो. दोनदा नापास होऊन तिसऱ्या वेळी परीक्षेस बसलेला आणि रात्री फरशा पुसून दिवसा अभ्यास करणारा भीमवरम्‌चा तो मुलगा ज्यांना आठवेल, ते अशा वेळी हातातील काम टाकून देणार नाहीत.